"बाई, रात्रीची ड्यूटी माझी असते"



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे वडिवळे धरणाजवळचे लहानसे गाव. तिथून मी कामशेतला अर्धवेळ शिकवायला जाते. आजूबाजूच्या वाड्यांवरून मुले येतात, भिजलेली दप्तरे खिडकीशी वाळत घालतात आणि मग वर्ग सुरू होतो. सातवीतला एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला डुलक्या काढायचा. दोनदा रागावले, एकदा उभे केले. शेवटी मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारले, "रात्री मोबाइल बघत बसतोस का रे?"

मान खाली घालून तो म्हणाला, "नाही बाई. रात्रीची ड्यूटी माझी असते."

"कसली ड्यूटी?"

"पप्पा रात्री उठतात. बारापर्यंत आई जागते. मग ती झोपते आणि मी जागतो."

बारा वर्षांचे पोर. त्याला उभे केले होते याची मला लाज वाटली.

मुलाचे वडील फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेले. सतरा वर्षांच्या नोकरीतली पुष्कळशी सरहद्दीवर आणि काश्मीर खोऱ्यात काढलेली. त्याच्या आईला शाळेत बोलावले, तेव्हा ती आधी काही बोलेचना. "झोप होत नसेल, डास फार झालेत," एवढेच म्हणाली. मग उठता उठता पुन्हा खाली बसली आणि म्हणाली, "बाई, हे घरी आलेत, पण आलेत असं वाटतच नाही."

हळूहळू कळले ते असे. रात्री तीनतीनदा उठून कडी तपासायची. झोपायचे ते दाराकडे तोंड करून. लग्नाला जायचे नाही, कारण तिथे बँड असतो, गर्दी असते. खाणीत सुरुंग उडाला की हातातला कप खाली पडतो आणि मग तासभर कोणाशी बोलणे नाही. मुलांचा लाड नाही आणि मारही नाही. जणू काचेपलीकडे बसलेला माणूस. अलीकडे झोप यावी म्हणून रोज रात्री दारू.

"लोक म्हणतात, फौजी माणूस, असायचाच तापट. पण हे तापट नव्हते हो. सुट्टीवर आले की अख्ख्या वाडीतली पोरं ह्यांच्या अंगाखांद्यावर असायची." आणि शेवटी तेच, जे आपण सगळ्याच म्हणतो : "कोणाला सांगू नका. वेडा म्हणतील."

त्या दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये एवढे फेरफार करून मी हे लिहीत आहे. कारण हे एका घरातले नाही. मावळात वर्दी नवी नाही. लोणावळ्याला 1945 सालापासून नौदलाचे 'शिवाजी' हे प्रशिक्षण केंद्र आहे, नौदलाचे 'कस्तुरी' रुग्णालय आहे. देहूरोडला लष्करी छावणी, तळेगावला केंद्रीय राखीव पोलीस दलाचा तळ. पुढे खडकी, पुणे तर सगळी छावण्यांचीच गावे. साताऱ्याकडे अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेले आहे. तुमच्या आळीत, तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादे तरी असे घर असेल. कदाचित ते तुमचेच असेल.

ही मुलगी करते तरी काय?

माझी एक मावसबहीण पुण्यात एका मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात सहायक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. दवाखाना छावणीच्या बाजूला असल्यामुळे तिच्याकडे माजी सैनिक आणि फौजींच्या घरची माणसे पुष्कळ येतात. तिच्या नोकरीबद्दल मी इतके दिवस फारशी चौकशी केली नव्हती. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे आहे' असेच घरात म्हणत. आता मात्र मी तिच्याकडे जाऊन बसले.

"तुझं काम नेमकं काय गं?"

"ताई, औषध मी देत नाही. ते मनोविकारतज्ज्ञ देतात, ते एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेले डॉक्टर असतात. आजाराचं नावही मी ठरवत नाही, ते माझ्या वरचे लोक ठरवतात. मी ऐकते, विचारते, लिहून ठेवते आणि शिकवते."

ऐकायला किती सोपे! पण तिचा दिवस तिने सांगितला तेव्हा समजले. नवीन माणूस आला की पहिला तास-दीड तास तिचा. झोप किती, भूक किती, दारू किती, घरात कोण, कर्ज किती, शेवटचे मनापासून हसू कधी आले, सगळे विचारायचे. पण पोलिसी थाटात नाही. फौजी माणूस आधी "सब ठीक है" म्हणतो. त्याला ती कधी म्हणत नाही, की तुम्ही खोटे बोलता. ती विचारते, "रात्री किती वाजता जाग येते?" झोपेबद्दल बोलायला कमीपणा वाटत नाही. ते दार उघडले की बाकीचे हळूहळू बाहेर येते.

मग प्रश्नावल्या. उदासपणा मापायला नऊ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप लागली का, जगण्याचा कंटाळा आला का, असे प्रश्न. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची यादी आहे. आपण थर्मामीटर लावतो तसेच हे. ताप कशाचा ते थर्मामीटर सांगत नाही, पण तो किती आहे आणि उतरतो आहे की चढतो आहे ते कळते.

त्यानंतर शिकवणे. धाप लागल्यासारखे झाले की श्वास सावकाश कसा सोडायचा, एकेक स्नायू आवळून मग सैल कसा सोडायचा, जुन्या प्रसंगाने मन ओढून नेले की पायाखालची फरशी, समोरची खिडकी, हातातला पेला यांच्याकडे लक्ष देऊन परत कसे यायचे. आमच्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढले आणि श्वासाचा अभ्यास प्रयोगशाळेत नेला. तेव्हा हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. फक्त योग हा उपचाराला जोड आहे, उपचाराच्या जागी नाही, हे ती बजावून सांगते.

आणि आठवड्यातून एकदा ती स्वतः आपल्या वरिष्ठांपुढे बसते. कोणत्या माणसाशी कसे बोलले, कुठे चुकले, काय ऐकून रात्री झोप लागली नाही, हे सगळे तिथे सांगायचे. "दुसऱ्याचं ओझं ऐकणाऱ्यालाही ते कुठं तरी उतरवून ठेवावं लागतं ना, ताई!" मला आपले सासरमाहेरचे ओझे आठवले. आपल्याला कोण असते उतरवून ठेवायला?

तिने मला एकाही माणसाचे नाव सांगितले नाही. मी विचारले असते तरी सांगितले नसते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो 2018 पासून लागू आहे, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. फक्त जिवाला धोका असेल तेव्हाच ती वरिष्ठांना आणि घरच्यांना सांगते, आणि तसे आधीच बजावून ठेवते.

भेकडपणा नव्हे, जखम

आपल्याकडे अजूनही समज आहे, की शूर माणसाला असले काही होत नाही. हा समज फार जुना आणि फार महागात पडलेला आहे.

पहिल्या महायुद्धात, 1915 साली, चार्ल्स मायर्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, अशी तेव्हाची समजूत होती. पण जे गोळ्याच्या जवळपासही नव्हते त्यांचेही हातपाय थरथरत, वाचा जाई, झोप उडे. त्या युद्धात पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश आणि त्यांच्या साम्राज्यातल्या 306 सैनिकांना त्यांच्याच लोकांनी गोळ्या घातल्या. त्यांतले काही जण मनाने आजारी होते असे आज मानतात. त्या सर्वांना माफी मिळायला 2006 साल उजाडले!

त्याच युद्धात आपल्या पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन इराकमध्ये कुत येथे डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत वेढ्यात अडकली होती. त्यात मराठा पलटणीही होत्या. उपासमार, आजार आणि शेवटी कैद. त्यातून जे परत आले त्यांच्या बायकांनी रात्री काय काय पाहिले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले मी वाचलेले नाही.

अशा आजाराला 'आघातोत्तर ताण' म्हणून वैद्यकाच्या पुस्तकात स्वतंत्र नाव मिळाले ते 1980 साली, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेकडून. लक्षणे साधारण अशी : प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे किंवा स्वप्नात येणे, त्याची आठवण करून देणारे सगळे टाळणे, मन बधिर होणे, आणि सतत पहाऱ्यावर असल्यासारखे दचकणे. हे महिन्याहून अधिक टिकले आणि रोजच्या जगण्यात अडचण येऊ लागली, तर दाखवलेच पाहिजे. सगळ्यांनाच हे होते असे मुळीच नाही. बहुतेक सैनिक सुखाने घरी परततात आणि नांगराला हात घालतात. पण ज्याला होते त्याचा त्यात काही दोष नसतो.

बहीण म्हणाली, "ताई, सरहद्दीवर शरीर जागं राहायला शिकतं. ते शिकणंच त्याचा जीव वाचवतं. फक्त घरी आल्यावर ते शरीराला कोणी सांगितलेलं नसतं."

सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांचे नाव आता सर्वांना माहीत आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले आणि 1972 साली अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक आणले. खडकीला 1974 पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. अशा जवानापुढे आपण आदराने उभे राहतो, आणि राहिलेच पाहिजे. मग ज्याची जखम दिसत नाही त्याला 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणून का हिणवायचे?

आणखी एक. सैनिकाच्या मनावरचा सगळाच ताण गोळीबाराचा नसतो. वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असली तरी आई दवाखान्यात असताना ती मिळेलच असे नाही. शेताच्या बांधावरून भाऊबंदकी पेटलेली असते. आमच्या मावळात तर जमिनीचे भाव वाढले तसे वाटणीचे दावेही वाढले. तिकडे बर्फात उभ्या असलेल्या माणसाला फोन जातो, "तुझ्या काकानं कुंपण घातलं." तो काय करणार? आघाडीवरच्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याचा दावा उरकला जाऊ नये म्हणून 1925 सालचा एक कायदा आहे. शिवाय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज देता येतो. तेव्हा तक्रार फोनवर त्याच्या कानांत ओतण्याआधी आपण तिथे जाऊन यावे. मनाचे अर्धे आजार असे कागदाने हलके होतात.

'नोकरी जाईल' ही भीती

नोकरीत असलेले लोक मदत मागत नाहीत, याचे मोठे कारण म्हणजे 'कॅटेगरी'. फौजेत प्रकृतीची वर्गवारी पाच इंग्रजी अक्षरांनी करतात. त्यातले पहिले 'एस' हे अक्षर मनासाठी, बाकीची कान, हातपाय, एकंदर शरीर आणि डोळे यांच्यासाठी. 'एस' खाली आला की बढती अडते, अशी धास्ती असते. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तात्पुरती कॅटेगरी ठरावीक मुदतीने पुन्हा तपासली जाते आणि बरे वाटल्यावर वर नेता येते. लपवलेला आजार मात्र एक दिवस हत्यार हातात असताना बाहेर पडू शकतो. मग नुकसान कॅटेगरीपुरते राहत नाही.

लष्करानेही हे ओळखले आहे. सरकारने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे, की पलटणींसाठी समुपदेशक नेमले, निवडक जवानांना आणि सुभेदारांना समुपदेशनाचे शिक्षण दिले, मानसिक साहाय्याची दूरध्वनी सेवा सुरू केली. दिल्लीला संरक्षण खात्याची मानसशास्त्रीय संशोधन संस्था आहे. तिचे काम 1949 पासूनचे, आजचे नाव 1982 पासूनचे. ती अधिकारी निवडीच्या चाचण्यांसाठी अधिक माहीत असली, तरी ताणावरचे संशोधनही तिथे चालते.

आपल्या जवळची बातमी म्हणजे, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 रोजी 'टेलि-मानस' या दूरध्वनी सेवेचा खास सैन्यासाठी कक्ष उघडला. संरक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांनी मिळून सुरुवातीला दोन वर्षांचा प्रयोग म्हणून तो काढला. मूळ टेलि-मानस सेवा तर 10 ऑक्टोबर 2022 पासून तुम्हा-आम्हा सर्वांसाठी आहे. नंबर 14416. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालतो, मराठीत बोलता येते. हा नंबर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

घरात आपण काय करायचे?

हे मी बहिणीकडून मुद्दाम उतरवून घेतले. कात्री घेऊन कापून ठेवलेत तरी चालेल.

1. झोपेत दचकत असतील तर अंगाला हात लावून हलवू नका. दिवा लावा, दारातून किंवा पायाकडून हाक मारा, "अहो, मी आहे. आपण घरी आहोत." गोंधळात हात उगारला गेला तर तो तुमच्यावर नसतो, पण लागतो तुम्हालाच.

2. आवाजाची आधी कल्पना द्या. "उद्या शेजारी लग्न आहे, सात वाजता बँड आहे. आपण तेव्हा शेतावर जायचं का?" दिवाळीत मुलांना सांगा, फटाके लांब आणि ठरल्या वेळी. हे लाड नव्हेत, मधुमेह्याला साखर न देण्यासारखे आहे. पुढे उपचारात सामोरे जाणेही शिकवतात, पण ते टप्प्याटप्प्याने आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

3. "तिकडं काय झालं, सांगा ना" असा लकडा लावू नका. पाहुण्यांनाही लावू देऊ नका. सांगावेसे वाटेल तेव्हा ऐका, मध्येच रडून किंवा उपदेश करून त्यांना गप्प करू नका.

4. दारू झोपेचे औषध नाही. तिने डोळा लागतो, पण मध्यरात्रीनंतरची झोप मोडते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद करायला लावू नका. त्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. आणि प्यालेल्या माणसाशी त्या रात्री वाद घालू नका. बोलायचे ते सकाळच्या चहाला.

5. दिवसाला आकार द्या. उठण्याची वेळ ठरलेली, फिरणे ठरलेले, घरातले एखादे काम फक्त त्यांचे. फौजेत सकाळपासून रात्रीपर्यंत शिट्टीवर चाललेला माणूस पेन्शनवर आला की एकदम रिकामा होतो. आपण म्हणतो, "आता आराम करा." तो आरामच त्यांना खातो.

6. मुलांना खरे सांगा, त्यांच्या वयाला झेपेल एवढे. "बाबांना झोपेचा आजार आहे, ते औषध घेतील. तुझं काही चुकलेलं नाही." पण मुलांना पहाऱ्यावर बसवू नका.

7. स्वतः जेवा, झोपा, माहेरी दोन दिवस जाऊन या. बहीण म्हणते तिच्यापुढे बसणाऱ्या बायका नवऱ्याची गोळी न् गोळी पाठ सांगतात, आणि "तुम्ही कशा आहात?" विचारले की पदराला हात लावतात.

दोन गोष्टी मात्र ठासून सांगते. पहिली : "माझ्यामागे तुम्ही सुखी व्हाल", "आता कंटाळा आला" असे बोलणे, वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे, हे थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट माणूस मोकळा होतो. त्या वेळी एकटे सोडू नका. घरात परवान्याची बंदूक, कीटकनाशकाचे डबे, साठवलेल्या गोळ्या असतील तर त्या घरातूनच हलवा. 14416 ला फोन करा, तातडीचे असेल तर 112 ला, किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात न्या. आता पूर्वीसारखी पोलिसांची धास्ती बाळगू नका. 2017 च्या कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा समजायचे ठरवले आहे.

दुसरी : आजार समजून घ्या, पण मार सोसू नका. आजार हे मारहाणीचे निमित्त होऊ शकत नाही. जीव धोक्यात असेल तर मुलांना घेऊन आधी बाहेर पडा, 112 ला किंवा महिलांच्या 181 ला फोन करा. नवऱ्याला बरे करण्याची जबाबदारी एकट्या बायकोची नाही.

दाखवायचे कुठे? नोकरीत असलेल्याने आपल्या युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावे, तो पुढे लष्करी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवतो. पेन्शनवर आलेल्यांसाठी 2003 पासून माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड घेऊन जावे. तिथून पुढची चिठ्ठी मिळते. योजनेचे सभासद झालेल्यांची पत्नीही त्यात येते. म्हणजे तुमची झोप उडाली असेल तर तुम्हीही दाखवू शकता.

मुलींनो, हेही काम आहे

तुमच्या घरात बारावीची मुलगी असेल आणि तिला माणसांत रस असेल, तर या कामाचा विचार करायला हरकत नाही. मानसशास्त्र घेऊन बी.ए., मग एम.ए., त्यानंतर कोणाच्या तरी हाताखाली दवाखान्यात काम. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून प्रवेशाआधी परिषदेची मान्यता जरूर तपासा. सुरुवातीला पगार बेताचा, आणि ज्याची पाटी लागते ते साहेब वेगळेच असतात. पण माझ्या बहिणीला विचारले, "कंटाळत नाहीस?" तर म्हणाली, "परवा एक सुभेदार पहिल्यांदा सलग पाच तास झोपले. तो कागद मला दाखवायला ते पावसात आले होते."

त्या मुलाच्या घरी काय झाले, ते सांगते. हवालदारसाहेब जायला तयार नव्हतेच. मग आम्ही आजाराचे नावच काढले नाही. बहिणीने फोनवर त्याच्या आईला एवढेच सांगितले, की दोन आठवडे रोज लिहून ठेवा, किती वाजता झोपले, कितीदा उठले. तिने मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने काढली आणि रेघा मारल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ती वही त्यांच्या हाती लागली. रागावतील म्हणून ती घाबरली. पण ते बराच वेळ पाने उलटत बसले. रात्री बाराच्या पुढचे अक्षर मुलाचे होते.

"हा जागा असतो?" त्यांनी विचारले.

दुसऱ्या सोमवारी ते स्वतःच पुण्याच्या लोकलमध्ये बसले.

आता आठ-नऊ महिने झाले. औषध चालू आहे, पंधरा दिवसांनी जाऊन बोलणे चालू आहे. दारू डॉक्टरांच्या सल्ल्याने सुटली, मध्ये एकदा पुन्हा सुरू झाली, पुन्हा सुटली. लग्नाला अजून जात नाहीत. कडी अजून तपासतात, पण एकदाच. सगळे छान झाले असे मी म्हणणार नाही.

त्यांचा मुलगा मात्र हल्ली दुसऱ्या तासाला टक्क जागा असतो आणि शेजारच्याशी इतकी बडबड करतो, की परवा मला त्याची जागा बदलावी लागली.